फलकांचा बाक व त्याचे निवारण

चित्र, अक्षरे किंवा छापील पटल धारण करणारा मुळात सपाट असलेला फलक कालांतराने बशीसारखा, पन्हळीसारखा अथवा पीळ पडल्यासारखा वळतो, त्यास फलकाचा बाक म्हणतात. लाकडी फळीवरील चित्रे, एनॅमलच्या लोखंडी पाट्या, पुठ्ठ्यावर चिकटविलेली छायाचित्रे आणि हलक्या प्लॅस्टिक फलकांवर चिकटविलेली व्हिनिलची छापील पटले या सर्वांत हा दोष आढळतो. द्रव्ये निरनिराळी असली, तरी दोषाचे मूळ एकच असते. फलकाच्या दोन पृष्ठांवर असमान प्रेरणा कार्य करतात व ज्या बाजूचे आकुंचन अधिक होते, त्या बाजूकडे फलक वळतो. त्यामुळे बाकाच्या निवारणाचा इतिहास हा मुख्यत्वे दोन्ही पृष्ठे समतोल राखण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे. कारागिरांना हे तत्त्व अनुभवाने फार पूर्वी अवगत झाले होते. त्याची गणिती मांडणी मात्र विसाव्या शतकात झाली.

कारणे : बाकाची कारणे तीन प्रकारची असतात. पहिले कारण म्हणजे ओलावा. लाकूड, कागद व पुठ्ठा हे पदार्थ हवेतील बाष्प शोषून फुगतात आणि ते गमावल्यावर आकसतात. लाकडाचे आकुंचन सर्व दिशांना सारखे नसते. धाग्यांच्या लांबीच्या दिशेने ते नगण्य असते. वार्षिक वलयांना समांतर होणारे आकुंचन त्रिज्येच्या दिशेने होणाऱ्या आकुंचनाच्या साधारणपणे दुप्पट असते. यामुळे ओंडका वलयांना स्पर्शरेषेत चिरून काढलेली फळी सुकताना सालीच्या बाजूस खोलगट होते, तर त्रिज्येच्या दिशेने काढलेली फळी बरीच सपाट राहते [→ लाकूड]. दुसरे कारण म्हणजे उष्णता. एकत्र जोडलेल्या दोन द्रव्यांचे प्रसरणांक भिन्न असतील किंवा एकाच द्रव्याची एक बाजू दुसरीपेक्षा अधिक तापली, तर फलक वाकतो. तिसरे कारण म्हणजे एका पृष्ठावर बसविलेल्या लेपातील किंवा पटलातील ताण. सरस सुकताना, रंग घट्ट होताना अथवा ताणून चिकटविलेले पटल मूळ लांबीकडे परतताना फलकाचे ते पृष्ठ आत खेचले जाते.

प्राचीन व मध्ययुगीन प्रयत्न : लाकडाचे पातळ थर धाग्यांची दिशा आलटूनपालटून एकमेकांवर जोडण्याची कल्पना प्राचीन ईजिप्तमध्ये ज्ञात होती. सकारा येथील पायऱ्यांच्या पिरॅमिडखाली तिसऱ्या राजवंशाच्या काळातील शवपेटीचा जो अवशेष सापडला, त्याची बाजू अशा सहा थरांची आहे. ईजिप्तमधीलच फायूम प्रदेशात इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांत ममींवर बसविलेली व्यक्तिचित्रे फार पातळ फळ्यांवर काढलेली आहेत. तेथे फळीचे वाकणे हा दोष नसून सोय होती, कारण ती ममीच्या गोलाईवर बसवावयाची असे.

इटलीत तेराव्या ते पंधराव्या शतकांत वेदीचित्रांसाठी प्रामुख्याने पॉप्लर वृक्षाच्या रुंद फळ्या वापरीत. हे लाकूड मऊ असून बाक धरणारे आहे. फळीवर सरसाने तागाचे कापड चिकटवून त्यावर जिप्सम व सरस यांचा जाड लेप देत आणि मागील बाजूस आडव्या पट्ट्या ठोकीत. चेन्नीनो चेन्नीनी या चित्रकाराने १४०० च्या सुमारास लिहिलेल्या चित्रकलाविषयक ग्रंथात फळीवर कापड चिकटविण्याची कृती दिलेली आहे. कापडामुळे फळीच्या सांध्यांवरील चिरा लेपापर्यंत पोहोचण्यास अडथळा होई. मात्र या रचनेत एक वैगुण्य राहून गेले. समोरच्या बाजूस कापड, लेप व रंग यांचे आवरण असल्याने तिकडून बाष्पाची देवाणघेवाण मंद होते, तर उघड्या पाठीकडून ती जलद होते. दर ओल्या ऋतूत पाठीकडील लाकूड फुगते व पट्ट्यांच्या अटकावामुळे दाबले जाते. कोरड्या ऋतूत ते पूर्वीपेक्षा अधिक आकसते. शतकानुशतके असे घडल्याने बहुतेक जुन्या इटालियन चित्रफळ्या पाहणाराच्या बाजूस फुगीर झालेल्या आढळतात. लिओनार्दो दा व्हिंचीचे मोनालिसा हे चित्रही पॉप्लरच्या एकाच फळीवर असून ती अशीच फुगीर आहे. तिच्या वरच्या कडेपासून खाली गेलेली सु. ११ सेंमी. लांबीची जुनी चीर पाठीमागे फुलपाखराच्या आकाराचे लाकडी तुकडे बसवून रोखण्यात आली होती.

नेदर्लंड्समधील चित्रकारांची पद्धत अधिक सुरक्षित ठरली. बाल्टिक समुद्राच्या परिसरातून येणारे ओकचे लाकूड ते त्रिज्येच्या दिशेने फाडून घेत. फळीच्या कडा मागून तासून पातळ करीत आणि त्या चौकटीच्या खाचेत सैल बसवीत. अशी फळी चौकटीतल्या चौकटीत आकसू-फुगू शकत असे. अनेक फळ्यांच्या पाठीवरही लेप देऊन संगमरवराचा आभास करणारे रंगकाम केलेले असे. त्यात शोभेचा भाग होताच, परंतु पाठही झाकली गेल्याने दोन्ही पृष्ठांवरील बाष्पविनिमय जवळपास सारखा होई. गेंट येथील १४३२ मध्ये पूर्ण झालेल्या सुप्रसिद्ध वेदीचित्राच्या झडपा दोन्ही बाजूंनी रंगविलेल्या होत्या. त्यांपैकी बर्लिनच्या संग्रहात गेलेल्या झडपा १८९४ मध्ये जाडीतून उभ्या चिरण्यात आल्या. दोन्ही बाजूंची चित्रे एकाच वेळी शेजारी-शेजारी मांडता यावीत, हा त्यामागील हेतू होता. त्या चिरण्याने साडेचार शतके परस्परांना तोलून धरणारी दोन पृष्ठे एकमेकांपासून कायमची अलग झाली.

भारतीय परंपरा : भारतात फळीवरील चित्रांची ठळक परंपरा तंजावर येथे आढळते. मराठा राजांच्या, विशेषतः दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या आश्रयाने भरभराटीस आलेल्या तंजावर शैलीत फणसाच्या लाकडाच्या फळीवर कापड चिकटवून त्यावर खडूचा लेप देत आणि त्यावर सोन्याचा वर्ख व काचमणी बसवीत. ही रचना इटालियन वेदीचित्रांशी मिळतीजुळती असून तिला दमट हवेत त्याच प्रकारच्या अडचणींना तोंड द्यावे लागते.

महाराष्ट्रातील दोन कारागिरीही या संदर्भात उल्लेखनीय आहेत. सावंतवाडीच्या गंजिफांची गोल पाने कागदाचे वा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवून तयार करीत व त्यांवर खडूचा थर देत. पानाच्या दर्शनी बाजूस चित्र आणि पाठीस सपाट रंग व लाखेचे रोगण असे. पाठ एकरंगी ठेवण्याचा उद्देश खेळातील गुप्तता हा असला, तरी दोन्ही बाजूंस आवरण मिळाल्याने कोकणातील पावसाळी हवेतही पान सपाट राहण्यास मदत होई. पैठण व पिंगुळी येथील चित्रकथींच्या पोथ्यांत चित्रांचे दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवीत. कथाकाराला पान उलटताच पुढील प्रसंग दाखविता यावा, ही त्यामागील सोय होती. परंतु दोन सारख्याच कागदांचा ओढा परस्परविरोधी होत असल्याने समतोल आपोआप साधला जाई.

पुस्तकबांधणीतही हेच तत्त्व आहे. पुठ्ठ्यावर बाहेरून कापड किंवा कागद चढविला, की खळ सुकताना पुठ्ठा बाहेरच्या बाजूस वळतो. आतील बाजूस अस्तराचा कागद चिकटविल्यावर तो पुन्हा सरळ होतो. दोन्ही कागदांच्या धाग्यांची दिशा सारखी ठेवणे, हा जाणत्या बांधणीकाराचा नियम असतो.

सक्तीने सपाट करण्याचा काळ : अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये वाकलेल्या चित्रफळ्या सरळ करण्याची एक नवी पद्धत प्रचारात आली. फळी मागून रंधून पातळ करीत, तिच्यावर धाग्यांच्या दिशेने खाचा पाडलेल्या पट्ट्या सरसाने चिकटवीत आणि त्या खाचांतून आडव्या पट्ट्या सरकवीत. आडव्या पट्ट्या सरकत्या असल्यामुळे फळीला आकसण्यास मोकळीक राहील, अशी अपेक्षा होती. एकोणिसाव्या शतकात यूरोपातील संग्रहालयांत या लाकडी जाळीचा सर्रास वापर झाला. प्रत्यक्षात फळी थोडी जरी वळली, तरी सरकत्या पट्ट्या खाचांत घट्ट अडकत. पातळ केलेली फळी मग पट्ट्यांच्या दरम्यान फुगून चित्रपृष्ठावर पन्हळीसारख्या लाटा उठत किंवा फळी तडकत असे. बाक नाहीसा करण्याच्या खटाटोपात चित्राचेच नुकसान झाल्याची अनेक उदाहरणे आहेत.

ओलाव्याचे महत्त्व दुसऱ्या महायुद्धात निर्विवादपणे स्पष्ट झाले. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील चित्रे १९४१ मध्ये वेल्समधील मॅनॉड येथील पाटीच्या दगडाच्या खाणीत हलविण्यात आली. तेथे तापमान सु. १७° से. व सापेक्ष आर्द्रता सु. ४२ टक्के अशी स्थिर राखण्यात आली होती. त्या काळात चित्रफळ्यांवरील रंग सुटण्याचे प्रकार जवळजवळ थांबले आणि १९४५ नंतर चित्रे लंडनला परतल्यावर ते पुन्हा सुरू झाले. संग्रहालयांत वातानुकूलन करण्यामागे हा अनुभव महत्त्वाचा ठरला. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी फ्लॉरेन्सला आलेल्या पुरात जॉर्जो व्हाझारीचे १५४६ चे ‘अखेरचे भोजन’ हे पाच फळ्यांचे चित्र बारा तासांहून अधिक काळ पाण्यात राहिले. फळ्या सुकताना आकसल्या, परंतु रंगाचा थर तेवढा आकसू शकला नाही. दीर्घ उपचारांनंतर ते २०१६ मध्ये सांता क्रोचे येथे पुन्हा प्रदर्शित झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अनेक चित्रांवरील ताठर जाळ्या काढून त्यांऐवजी लवचिक आधार बसविण्यात आले आहेत. थोडा बाक मान्य करून फळीला हालचालीची मुभा द्यावी, असे आधुनिक जतनशास्त्राचे धोरण आहे.

समतोल रचनेचा उदय : धातूवरील एनॅमलच्या कामात समतोलाची गरज अगदी लगेच जाणवते. तांब्याच्या पातळ पत्र्यावर एका बाजूस काचेचा लेप वितळवून बसविला, तर थंड होताना तांबे व काच यांचे आकुंचन भिन्न प्रमाणात होऊन पत्रा वाकतो व लेप तडकतो. म्हणून फ्रान्समधील लिमोझ येथील कारागीर पंधराव्या-सोळाव्या शतकांपासून पत्र्याच्या पाठीवरही एनॅमल देऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोखंडी पत्र्याच्या एनॅमल पाट्यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले, तेव्हा हीच प्रथा त्यांत उतरली. पाठीवरील लेपामुळे पाटी सपाट राही व गंजापासूनही तिचे संरक्षण होई.

लाकडाच्या क्षेत्रात जॉन मेयो यांनी १८६५ मध्ये अमेरिकेत घेतलेल्या एकस्वात धाग्यांची दिशा बदलत जोडलेल्या पातळ थरांचे वर्णन आहे. पुढे प्लायवुडचा उद्योग वाढला आणि त्यात विषम संख्येचे थर घेण्याचा नियम रूढ झाला. मधल्या थराच्या एका बाजूस जो थर असेल, त्याच जाडीचा व त्याच दिशेचा जोडीदार थर दुसऱ्या बाजूस असावा लागतो [→ प्लायवुड]. विल्यम मेसन यांनी १९२४ मध्ये शोधून काढलेल्या कठीण तंतुफलकात दिशाभेद जवळपास नाहीसा झाला. तथापि त्याची एकच बाजू रंगविली, तर तोही वाकतो.

सिद्धांत : दोन भिन्न धातूंची जोडपट्टी उष्णतेने वाकते, या गुणाचा उपयोग जॉन हॅरिसन यांनी अठराव्या शतकात आपल्या तिसऱ्या सागरी कालमापकात करून घेतला. हे वाकणे मोजण्याचे समीकरण स्टीव्हन टिमोशेंको यांनी १९२५ मध्ये मांडले. तत्पूर्वी १९०९ मध्ये जी. जी. स्टोनी यांनी विद्युत्‌ विलेपनाने पोलादी पट्टीवर निकेलचा पातळ थर दिल्यास पट्टी वाकते, हे दाखवून त्या वाकण्यावरून थरातील ताण काढण्याचे सूत्र दिले. मूळ विषय धातुविलेपनाचा असला, तरी या सूत्रातील निष्कर्ष कोणत्याही फलकावर चिकटविलेल्या पातळ पटलास लागू पडतात. त्यानुसार वक्रता ही पटलातील ताण व पटलाची जाडी यांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात, फलकाच्या ताठरपणाच्या व्यस्त प्रमाणात आणि फलकाच्या जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे फलकाची जाडी ३ मिमी.ऐवजी ६ मिमी. केली, तर वक्रता चौथाईवर येते. उलट वक्रता तीच असताना फलकाची लांबी दुप्पट केली, तर मध्यभागातील खोली चौपट होते. ६० सेंमी. लांबीच्या पाटीत जो बाक डोळ्यांना जाणवतही नाही, तोच १२० सेंमी. लांबीच्या पाटीत ठळक दिसतो, याचे कारण हेच होय.

हलके फलक व व्हिनिल पटले : पॉलिव्हिनिल क्लोराइडला मऊपणा आणण्याची पद्धत वॉल्डो सेमन यांनी १९२६ मध्ये शोधली आणि स्वयंचिकट लेबलांचे उत्पादन स्टॅन ॲव्हरी यांनी १९३५ मध्ये सुरू केले. या दोहोंच्या संयोगातून पाट्यांसाठी स्वयंचिकट व्हिनिल पटले निर्माण झाली. १९८० नंतर संगणकनियंत्रित कापयंत्रांनी अक्षरे कापली जाऊ लागली व पुढील दशकात मोठ्या आकाराच्या शाई-फवारणी छपाईने संपूर्ण चित्रच पटलावर उतरविणे शक्य झाले. महाराष्ट्रात पत्र्यावर तैलरंगाने अक्षरे काढणाऱ्या पेंटरांचा व्यवसाय एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून या छपाईमुळे झपाट्याने आक्रसला. यातील फ्लेक्सचे कापड चौकटीवर ताणून बसवीत असल्याने त्यात बाकाचा प्रश्न येत नाही. पटल ताठ परंतु हलक्या फलकावर चिकटविले, की तो येतो.

पाटीचे वजन व खर्च कमी करण्यासाठी असे फलक पुढे आले. दोन कागदांमध्ये पॉलिस्टायरिनचा फेस असलेला फोमबोर्ड, पॉलिव्हिनिल क्लोराइडच्या फेसाचा फलक (बाजारातील ‘सनबोर्ड’), पॉलिप्रोपिलिनचा पन्हळी फलक (‘सनपॅक’) व ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये पॉलिएथिलीन असलेला संयुक्त फलक (‘एसीपी’) हे त्यांतील मुख्य प्रकार होत. यांपैकी शेवटचा प्रकार १९६९ मध्ये बाजारात आला. त्याची दोन्ही पृष्ठे सारख्याच धातूची व ताठर असल्याने तो स्वभावतःच समतोल असतो. फेसाच्या फलकांचा ताठरपणा मात्र फार कमी असतो आणि स्टोनीच्या सूत्राप्रमाणे अल्प ताणही त्यांना वाकविण्यास पुरतो.

पटलातील ताणाची उगमस्थाने अनेक आहेत. स्वस्त प्रकारचे पटल तप्त राशी रुळांमधून दाबून व खेचून तयार करतात. या खेचण्याचा ताण त्यात शिल्लक राहतो व ते पुढे लांबीच्या दिशेने आकसत जाते. ओतीव पटल द्रवरूप मिश्रण पसरून व भट्टीत सुकवून बनवितात. ते साधारणपणे ५० मायक्रॉन जाडीचे असून त्यात आकसण्याची प्रवृत्ती फार थोडी असते. छपाईच्या शाईतील विद्रावकाने पटल तात्पुरते मऊ होते व ते पुरेसे सुकण्यापूर्वी त्यावर पारदर्शक संरक्षक पटल चढविल्यास विद्रावक आत कोंडला जातो. सर्वांत मोठे कारण चिकटविण्याच्या कृतीतच असते. पटल हाताने ओढून बसविले किंवा लॅमिनेशन यंत्राच्या रुळावर त्यास अधिक ताण दिला, तर ते ताणलेल्या स्थितीत चिकटते व काही तासांत किंवा दिवसांत मूळ लांबीकडे परतू पाहते. त्यामुळे फलक छापील बाजूस खोलगट होतो.

निवारणाचे उपाय : मुख्य उपाय म्हणजे फलकाच्या पाठीवर त्याच जातीचे, त्याच जाडीचे कोरे पटल त्याच दिशेने व तेवढ्याच ताणाने चिकटविणे. दर्शनी बाजूस छापील पटलावर संरक्षक पटल असेल, तर पाठीवरील आवरण त्या दोन्हींच्या एकत्रित ओढ्याशी जुळणारे असावे लागते. पाठ कोणास दिसत नसल्याने हा खर्च अनाठायी वाटतो व तोच प्रथम टाळला जातो. बहुसंख्य वाकलेल्या पाट्यांचे मूळ या काटकसरीत असते. त्याखेरीज पटल सैल सोडून फक्त दाबाने बसविणे, यंत्रावरील ताण कमीतकमी ठेवणे, छापील पटल किमान एक दिवस उघडे सुकू देणे, फलक व पटल दोन्ही कामाच्या जागेच्या हवेत आधी ठेवणे आणि तयार फलक भिंतीस तिरपे न टेकविता सपाट रचून ठेवणे, ही पथ्ये पाळावी लागतात. पन्हळी फलक नळ्यांच्या दिशेने ताठ व आडव्या दिशेने लवचिक असल्याने पाटीची लांब बाजू शक्यतो नळ्यांना समांतर धरतात.

उन्हात लावावयाच्या पाटीत प्रसरणाचाही विचार करावा लागतो. तापमान ३०° से.ने वाढल्यास ताठर पॉलिव्हिनिल क्लोराइडचा २·४ मी. लांबीचा फलक सु. ४ मिमी.ने, तर ॲल्युमिनियमचा तेवढाच पत्रा सु. १·७ मिमी.ने लांबतो. स्क्रूसाठी घट्ट भोके पाडल्यास या वाढीस वाव मिळत नाही व फलक मध्ये फुगतो. म्हणून भोके स्क्रूपेक्षा मोठी ठेवतात आणि कडांना चौकटीत मोकळी जागा सोडतात. गडद रंगाची पाटी अधिक तापते. फेस उष्णतेचा मंदवाहक असल्याने पाटीची समोरची बाजू पाठीपेक्षा बरीच उष्ण राहते व पाटी दिवसा सूर्याकडे फुगते. हा बाक सायंकाळी बहुधा नाहीसा होतो, परंतु फलक तापून मऊ झालेला असल्यास कायम राहतो.

वाकलेला फलक उलट दिशेने वाकवून किंवा वजनाखाली दाबून सरळ करण्याचा प्रयत्न बहुधा टिकाऊ ठरत नाही, कारण पटलातील ताण तसाच राहतो. पाठीवर नंतर पटल चिकटविल्याने काही प्रमाणात सुधारणा होते. तेही शक्य नसेल, तर मागे धातूची चौकट बसवितात. या चौकटीतही फलकाला सरकण्यास जागा ठेवावी लागते. अन्यथा पॅरिसच्या लाकडी जाळीत जे चित्रफळ्यांचे झाले, तेच प्लॅस्टिकच्या फलकाचे होते. एकाच बाजूस पटल लावणे अपरिहार्य असेल, तेथे जाड फलक, ॲल्युमिनियमचा संयुक्त फलक व ओतीव पटल यांची निवड करणे श्रेयस्कर ठरते.